ती म्हणजे कोण?

“काका, ही ‘ती’ म्हणजे कोण?”

स्नेहलने मेंटेनन्सची जुनी वही ज्योतीरामांपुढे सरकवली. ताथवड्याच्या कॉलेजातून निघालेली ही पोरगी महिनाभर चाकणच्या कारखान्यात बसून पत्रा दाबून कापणाऱ्या सहाही पॉवर प्रेसचा इतिहास कॉम्प्युटरात भरत होती. वह्या ज्योतीरामांच्या, अक्षर त्यांचंच, आणि त्यांच्या निवृत्तीला उरले होते अकरा दिवस.

“तिला तेल दिलं. तिचा पट्टा बदलला,” स्नेहल वाचत होती. “बाकी पाच मशीनचे नंबर आहेत. हिचाच नाही.”

ज्योतीरामांना हसू आलं. “अगं, ती म्हंजे चार नंबर! सगळ्या शॉपला ठाव हाय.”

“मग लिहिला का नाही?”

आता काय सांगणार, कपाळ! चार नंबर त्यांनी स्वतः उभी केलेली, आणि तीही त्यांच्याशिवाय कुणाला दाद देत नसे. घरी गिरजाबाईंना तरी चौतीस वर्षांत कधी नावानं हाक मारली होती त्यांनी? ‘तिला सांग’, ‘ती आली का’, एवढ्यावर संसार झाला. वहीतही तेच उतरलं.

“तुझ्या कॉम्प्युटरला कळंना व्हय?”

“नाही ना कळत! हे बघा, ‘प्रेस’ हा आमचा क्लास. साचाच समजा. ‘ब्रेक तपास’ ही मेथड, म्हणजे कामाची रीत, त्यात एकदाच लिहिलीय. पण नुसतं ‘ब्रेक तपास’ म्हटलं तर चालत नाही. आधी प्रेस चार, मग टिंब, मग काम. मग ती मेथड चार नंबरचेच आकडे घेते, पाचचे नाही.”

“म्हंजे जिला हाक मारली तिनंच ओ द्यायची.”

“अगदी! आणि नावच नसेल तर कुणीच ओ देत नाही. ही नोंद बघा, सात वर्षांपूर्वीची, सात मार्चची. ‘तिचा ब्रेक उशिरा धरतो. पार्ट मागवला. तोवर चालवू नये.’ ही कुणाच्याच खात्यात गेली नाही.”

ज्योतीरामांचं हसू जिथल्या तिथं विरलं. सात मार्चलाच आईच्या दिवसांसाठी ते गावी गेले होते. तेरा मार्चला, भर सकाळच्या शिफ्टला, चार नंबर चालवणाऱ्या रियाजची दोन बोटं तिच्यात गेली. परत आले तोवर चौकशी उरकली होती. मशीनबद्दल तक्रार नाही, ऑपरेटरला डुलकी लागली. रियाजनं त्यावर सही करून कंपनी सोडली होती. साहेबांनी नोंद वाचून दाबली, असं धरून सात वर्षं ज्योतीराम मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत राहिले. नोकरीपायी तोंड मात्र उघडलं नाही. आणि नोंद कुणी दाबलीच नव्हती! वहीत चार नंबर शोधणाऱ्या ऑफिसातल्या साहेबांना ती कुणाची, हेच कळलं नव्हतं.

“पोरी, ती चारच्या खात्यात टाक. आणि कागद काढून दे.”

छापलेल्या कागदाखाली त्यांनी पेनानं लिहिलं, ‘ती म्हणजे प्रेस नंबर चार. नंबर न लिहिण्याची चूक माझी.’ खाली सही ठोकली.

“काका, अकरा दिवस राहिलेत. कशाला लचांड?”

“म्हणून तर. एक प्रत साहेबांना दे.”

दुसरी प्रत घेऊन संध्याकाळी ते थेरगावला उतरले. डांगे चौकाजवळ रियाजचं किल्ल्या बनवायचं दुकान होतं. तीन बोटांच्या हातानं त्यानं कागद धरला, दोनदा वाचला.

“ज्योतीभाऊ, म्हणजे मला झोप नव्हती लागली?”

“न्हाई रे. ब्रेकच धरला न्हाई.”

“मलापण वाटायला लागलं होतं, भाऊ. एवढे लोक म्हणतात तर लागली असेल डुलकी.” “सासऱ्यांनी तर तोंडावर झोपाळू म्हटलं मला.”

“मी लिहायला चुकलो, आन् परत आल्यावर बोलायलाबी भ्यालो. कोणत्या तोंडानं माफी मागू?”

एक गिऱ्हाईक किल्ली घेऊन उभं होतं, त्याला थांबायची खूण करून रियाजनं आत हाक मारली, “सादिका, चष्मा घेऊन बाहेर ये.”

त्याची बायको हात पुसत आली.

“मोठ्यानं वाच,” तो म्हणाला.

“तिचा ब्रेक उशिरा...”

“तसं नाही,” रियाजनं कागदाच्या तळाशी अंगठा टेकवला. “आधी नंबर वाच.”