फोनमधलं कोर्ट

थोरल्याला कोर्टाचं वेड लागलं, तेव्हापासून त्याच्या तोंडी लागायची सोय राहिली नव्हती. गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांची काजं-बटणं अर्धी टाकून हा फोन उभा करायचा आणि कोर्टातून थेट दाखवतात ते खटले बघत बसायचा. चहासुद्धा "माझी नम्र विनंती आहे" म्हणून मागायचा.

"फेटाळली," आई मशीन न थांबवता म्हणायची. "आधी कालचा कप विसळ."

पण आता खटला तिचाच होता. पंचेचाळीस वर्षं जिथे तिच्या तीन शिलाई मशिनी चालल्या, ती खोली मालकाला परत हवी होती. भाड्याचा लेखी करार झालाच नव्हता, असं तो धडधडीत सांगत होता. वकीलबाईंनी बजावलं होतं, "मूळ करारनामा शुक्रवारच्या आत आणून द्या. शेवटची मुदत आहे."

बुधवारी त्यांचीच सुनावणी लागली, तेव्हा फोनमधून न्यायाधीश म्हणाले, "या वयात बाईंनी जायचं कुठे?"

थोरल्याने मांडीवर थाप मारली. "जिंकलो, आई! साऱ्या जगाने ऐकलं. आता कागद कशाला नाचवायचे?"

"वकीलबाईंना विचार तरी."

"मी दोनशे खटले पाहिलेत."

आई चौथीत शाळा सुटलेली. दोनशे ऐकून तिने करारनामा पेटीत ठेवून दिला. शुक्रवार गेला. वकीलबाईंचे फोन आले, ते याने उचललेच नाहीत. फोन उचलला की बघताना मधेच कामकाज तुटतं म्हणे.

निकालाच्या दिवशी फोन कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून मायलेक बसले. तेच न्यायाधीश, तोच मऊ आवाज. संधी देऊनही कागद दाखल झाला नाही. बाईंबद्दल सहानुभूती आहे, पण नुसत्या सहानुभूतीवर निकाल देता येत नाही. खोली तीस दिवसांत रिकामी करावी.

आईने झटकन पेटीतून करारनामा काढला आणि फोनसमोर धरला. "हा बघा ना साहेब! मालकाची सही आहे, ही इथे, खाली!"

साहेबांनी पान उलटलं. पुढचा खटला पुकारला गेला.

"आई," थोरला खालमानेने म्हणाला, "ते आपल्याला दिसतात. आपण त्यांना नाही."

ती हात तसाच धरून उभी राहिली. पडद्यावर भलत्याच कुणाचं भांडण सुरू झालं होतं.

"अपील करता येतं. मी पाहिलंय..."

"पाहिलंयस. तेवढंच केलंस तू," आई म्हणाली. "कोर्टाने मला तीस दिवस दिले, मी तुला तेवढेही देत नाही. हा कागद घे आणि वकीलबाईंच्या दारात जाऊन उभा राहा. त्या काय बोलतील ते मान खाली घालून ऐक. आणि ऐकून झालं की सरळ इथे ये. या मशिनी मला एकटीला उचलवत नाहीत."