फळ पाहिलेले नाही

“अर्धीच काढायची,” लीलावती अक्का मान वर करून म्हणाल्या. “जिनदास, ऐकतोयस ना? अर्धी फुलं झाडावरच राहू देत.”

जिनदास वरच्या फांदीवर पाय सोडून बसला होता. कितुलच्या झाडांवर चढून गुळासाठी रस उतरवणारा माणूस तो. उंची त्याच्या अंगवळणी पडलेली. “अर्धी म्हणजे किती, अक्का? चिक्कू सासऱ्यानं नववर्षाला मिठाई वाढावी तेवढी तर आहेत सगळी मिळून.”

“एक मोठी डहाळी दे आणि एक बारकी. बाकीला हात लावू नकोस.”

“आणि डॉक्टर?” मी विचारलं. “त्यांना पाच संग्रहालयांना याच फुलांचे जोड-नमुने पाठवायचेत.”

“डॉक्टरांचं मी बघते. तू चादर नीट धर, मल्ली.”

मल्ली म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस पिकले तरी अक्कांनी मला बढती दिली नाही. श्रीलंकेत कँडीजवळच्या एका वनस्पती-संग्रहालयात मी चित्रकार. नवीन झाड सापडलं की त्याचं पान, फूल, फळ दसपट मोठं करून शाईने काढायचं, हे माझं काम. अक्का तिथल्याच साहाय्यक. वाळवलेल्या फांद्या जाड कागदावर टाचून त्यांना चिठ्ठ्या लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुसऱ्यांनी शोधलेली, दुसऱ्यांच्या नावांची झाडं. हे झाड मात्र त्यांनी स्वतः पाहिलं होतं. एका सुट्टीत बहिणीकडे वेलिहेन गावी आल्या असताना शेजारच्या एमलिन नोनांच्या, म्हणजे एमलिन बाईंच्या, चहाच्या छोट्या मळ्यात, जंगलाच्या कडेला, त्यांना ते दिसलं. पान हातात घेऊन त्या तिथेच बसून राहिल्या, आणि बहिणीला वाटलं की उन्हाने घेरी आली.

पानावरून झाडाचं नाव ठरत नाही, फूल लागतं. फुलासाठी अक्कांनी चार वर्षं वाट पाहिली. मधल्या काळात डोंगरकडेने विजेच्या प्रकल्पासाठी पाण्याचा कालवा काढायचं ठरलं आणि त्याची आखणी नेमकी झाडाच्या बुंध्यावरून गेली. वनखात्यातला अधिकारी माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, “बाई, दुर्मीळ झाड तोडू देणार नाही मी. पण ज्याला नावच नाही, त्याला दुर्मीळ तरी कसं म्हणू? छापून आणा, मग बोलू.” त्यामुळे फुलं तोडल्याशिवाय झाड वाचणार नव्हतं. आणि सगळी तोडली तर फळ धरणार नव्हतं, बी मिळणार नव्हतं. आसपास एकही रोप नव्हतं, कलमं लावून पाहिली तर ती कुजून गेली होती. म्हणून अर्धी.

वर चढण्याआधी जिनदासने बुंध्याशी पणती लावली होती, विड्याची पानं ठेवली होती. मोठ्या झाडाला कोयता लावायचा तर आधी त्यातल्या देवतेला सांगावं लागतं. आमच्याकडे कुणी ते चुकवत नाही, डॉक्टरेट झालेलेही नाहीत. जिनदास हात जोडून नेहमीचं बोलला, “इथल्या देवा, आम्ही फांदी कापतोय. रागावू नका. तुम्ही आपलं अशाच दुसऱ्या झाडावर जाऊन बसा.”

“कुठल्या?” एमलिन नोना मागून म्हणाल्या. वय ऐंशीच्या घरात, पण जीभ पंचविशीतली. “अशाच दुसऱ्या म्हणे. आहे कुठं दुसरं? देवाला काय बसमध्ये बसवून पाठवतोस?”

“सवयीनं आलं तोंडात.”

“मग बदल. शेजारच्या फणसावर बसा म्हण. मी रोज तिथं झाडते, जागा स्वच्छ आहे.”

जिनदासने मुकाट्याने देवाला फणसावर पाठवलं. आम्ही सगळे हसलो. अक्का हसल्या नाहीत.

डहाळ्या खाली आल्या. फुलं तांदळाच्या दाण्याएवढी, पिवळट, वासाला किंचित आंबट. अक्कांनी भिंग लावून पाहिलं. एकेका फुलात पुंकेसरांचं वर्तुळ, मधोमध अंडाशयाची हिरवी टोपी. “सगळं आहे,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी एमलिन नोनांनी कितुलच्या गुळाच्या खड्याबरोबर कोरा चहा दिला आणि अक्का दोन कप प्यायल्या. एरवी त्या गावात कुणाकडे पाणीही संकोचाने घेत.

संग्रहालयात परतल्यावर आमचे प्रमुख, डॉक्टर रत्नतुंग, यांनी कपाळाला हात लावला. “एवढ्याशा फुलांत मी कुणाकुणाचं समाधान करू? एक नमुना आपल्याला, मग बाकीच्यांना काय पानं चघळायला पाठवू?”

“फळं आली की फळांचे जोड पाठवू, सर,” अक्का म्हणाल्या. “भाद्रपदापर्यंत धरतील. बी मीच रुजवीन.”

डॉक्टर पुटपुटले, पण ऐकलं. अक्कांवर त्यांचा विश्वास होता, आणि त्यांना दुसरं कुणी एवढ्या लांब जळवांत जाणारं मिळणारही नव्हतं.

चित्रासाठी वाळलेलं फूल आधी पाण्यात उकळून मऊ करावं लागतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने पाकळ्या सोडवायच्या आणि अंडाशय आडवा चिरायचा. आत बीजांडं किती, कशी टांगलेली, ते काढल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. मी पहिलं फूल चिरलं. आत काही नव्हतं. वाटलं, आपलंच पातं बोथट, चेंदामेंदा झाला. दुसरं चिरलं तर तेही पोकळ निघालं.

“अक्का, जरा येता?”

त्या आल्या. मी उठलो आणि त्या माझ्या स्टुलावर बसल्या. तिसरं फूल त्यांनी स्वतः चिरलं. मग चौथं. फुलं मोजकीच होती. मी म्हणालो, “राहू दे आता. उरलेली लागतील.”

“आणखी एक,” त्या म्हणाल्या.

पाचव्यातही नुसती हिरवी टोपीच होती, पोटात दाणा नव्हता. काही जातींत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. नराच्या फुलातही अंडाशयाचा आकार येतो, पण तो दाखवण्यापुरता. हे अक्कांना माहीत नव्हतं असं नाही. नव्या माणसांना त्या हेच शिकवत, की भिंगावर विसंबू नका, चिरून बघा. त्या दिवशी मात्र फूल मिळाल्याच्या आनंदात त्यांनी ते चिरलं नाही. जागच्या जागी कळलं असतं, तरी काय फरक पडणार होता? अर्धी फुलं झाडावर ठेवली होती ती फळासाठी, आणि त्या झाडाला फळ कधीच येणार नव्हतं.

“नर आहे,” अक्का म्हणाल्या.

मी खिडकी उघडली. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा ते कळेना, म्हणून शिपायावर ओरडलो की पाणी गार का नाही.

डॉक्टरांनी मात्र मनाला लावून घेतलं नाही. त्यांच्या दृष्टीने झाड नवीन होतं, नर निघालं म्हणून जुनं होत नव्हतं. वर्णन लिहून त्यांनी आम्हा दोघांना वाचून दाखवलं. शेवटी ओळ होती, ‘मादी फुले व फळे पाहिलेली नाहीत.’ अशी ओळ शास्त्रात नेहमीची. मग ते म्हणाले, “नाव मी ठरवलंय. लॅटिनमध्ये ‘एकाकी’ असा अर्थ होईल असं. छान वाटतं ना? लोकांच्याही लक्षात राहील.”

“नको, सर.”

अक्कांनी त्यांना ‘नको’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनीही नसावं. त्यांनी चष्मा काढला.

“का? एकटंच आहे ना ते?”

“आपण एकच पाहिलंय. एकटं आहे असं नावातच लिहून ठेवलं, तर पुढं कोण शोधायला जाईल? माणसं म्हणतील, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय, संपलं. गावाचं नाव द्या.”

“लीलावती, मी तो डोंगर पाहिलाय. सगळा चहाच आहे. जंगल उरलंय मूठभर.”

“मूठ तरी उघडून बघितली का कुणी?”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी ‘एकाकी’ खोडून वर वेलिहेनचं नाव घातलं. मोठा माणूस होता, हे मला कबूल करायला हवं.

छापून आलं. वनखात्याचा अधिकारी शब्दाला जागला आणि कालव्याने झाडाला वळसा घातला. एमलिन नोनांना मी माझ्या चित्राची प्रत दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “नाव मिळालं. आता बायको कोण बघणार?”

“अक्का बघतायत,” मी म्हणालो. मी चेष्टेने म्हणालो होतो.

अक्का निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे वेलिहेनला राहायला गेल्या. पुढे एकदा बक महिन्यात, म्हणजे एप्रिलमधल्या नववर्षाच्या सुट्टीत, मी त्यांना भेटायला गेलो. पहाटे जिनदास त्या झाडावरून उतरत होता आणि त्याच्या हातात फुलांची छोटी डहाळी होती. अक्कांनी ती ओल्या केळीच्या पानात गुंडाळली आणि जेवणाच्या डब्यात ठेवली.

“नमुने दाबून वाळवायची पेटी विसरलात,” मी म्हणालो.

“पेटी कशाला? दाबलं की मरतं ते.” त्यांनी पायांना जळवांसाठी साबण चोळायला घेतला. “मादी दिसली तर फुलाला फूल लगेच टेकवायला हवं. परत इथवर येऊन डहाळी घेऊन जाईपर्यंत तिची फुलं गळतील.”

“रोज नेता?”

“बहर असतो तोवर.”

मी बरोबर गेलो. आम्ही ओढ्याच्या वरच्या अंगाने दिवसभर फिरलो. अक्का प्रत्येक अनोळखी झाडाखाली थांबून वर बघत. पान ओळखीचं निघालं की “तू नाहीस” म्हणून पुढे जात. दुपारी आम्ही खोबऱ्याची रोटी खाल्ली, तेव्हा त्यांनी डबा उघडून पान पुन्हा ओलं केलं. मी निवृत्तीला आलेला माणूस, मला धाप लागली. त्यांना लागली नाही, किंवा त्यांनी दाखवली नाही.

संध्याकाळी खाली आलो. एमलिन नोना दारात बसल्या होत्या. “काय गं?” त्यांनी विचारलं.

“ओढ्याच्या अलीकडे नाही,” अक्का म्हणाल्या. “उद्या पलीकडे जाते.”

डब्यातली फुलं तपकिरी झाली होती. अक्कांनी ती चहाच्या झुडपांत झटकली, डबा राखेने घासला आणि चुलीशेजारी पालथा घातला. मग जिनदासला हाक मारून सांगितलं की उद्याची डहाळी जरा लवकर हवी, पलीकडची वाट चढाची आहे.