मोहाखालची जागा

“तिथी नाई, साहेब,” साहेबानं बोटानं दाखवलेली जागा पाहून लटारू म्हणाला आणि हातातली मोगरी त्यानं खाली ठेवली.

मोगरी म्हणजे तंबूच्या मेखा ठोकायचा लाकडी हातोडा. मुक्कामाची जागा ठरल्यावर मोगरी खाली ठेवणारा खलाशी, म्हणजे तंबू लावणारा गडी, आजवर कुणी पाहिला नव्हता. गाडीतून खाटा उतरवणारा दुसरा खलाशी नथ्थू खाट हातात धरून तसाच उभा राहिला. गाडीवानानं उगाच बैलाच्या पाठीवर हात फिरवायला घेतला.

गुणवंतराव बिडवई साहेब नागपूरहून यंदाच आले होते. पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलात झाडांची मोजणी करायची आणि दर पंधरा दिवसांनी मुक्काम हलवायचा, असं काम. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याचं जंगल अजून पुस्तकातलं होतं. मुक्कामाची जागा सपाट हवी, सावलीची हवी, स्वच्छ हवी, पाण्याजवळ हवी. समोर तर अगदी तशीच जागा होती. एक दांडगा मोह, त्याच्या खाली सणाच्या अंगणासारखी झाडून काढलेली जमीन आणि पन्नास पावलांवर ओढ्यातला झिरा.

“का नाही? इतकी स्वच्छ जागा चार कोसांत दुसरी दाखव.”

“साफ हाय म्हणूनच नाई म्हणून राह्यलो, साहेब. जंगलात जागा आपल्या मनानं साफ होत नाई. कोणीतरी झाडली हाय थे. सोमारीबाईचा मोह हाय हा.”

त्या भागात प्रत्येक मोहाला घर ठरलेलं. सासूकडून सुनेकडे झाड जायचं. त्याला कागद नव्हता आणि त्यावरून कधी भांडणही नव्हतं. फुलं पडायच्या आधी खालचा पाचोळा जाळायचा, जमीन झाडायची आणि मग रोज पहाटे टोपली घेऊन वेचायला यायचं.

“झाड सरकारचं आहे,” साहेब म्हणाला.

“झाड सरकारचंच हाय, साहेब. फुलं तिची हायत.”

“अरे, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे!”

“मोह बी पंधरा-वीस दिवसच पडते.”

साहेबाची कानशिलं तापली. साहेबाला दुखवू नये असं नेमकं हेच वर्ष होतं, आणि लटारूला ते पक्कं ठाऊक होतं. अठरा वर्षं तो हंगामी खलाशी होता. पाऊस लागला की घरी जायचं, दिवाळीनंतर परत हजर व्हायचं. यंदा एक खलाशी कायम व्हायचा होता. खाकी कपडे, पितळेचा बिल्ला, म्हातारपणी पेन्शन. साहेबानं शिफारस लिहायची तेवढी बाकी होती. चामोर्शीकडे त्याची बायको गोकुळा तर आठवडी बाजारात सगळ्यांना सांगून बसली होती. आणि अशा वेळी या गड्याला मोगरी खाली ठेवायची बुद्धी झाली.

पण त्याचा इलाज नव्हता. अठरा वर्षांपूर्वी, पहिल्याच हंगामात, एका गोऱ्या साहेबाच्या हुकमावरून त्यानं अशाच एका मोहाखाली तंबू ठोकला होता. सुरकुती नाही असा तंबू, आणि केवढी ऐट होती त्याला! एक म्हातारी रोज पहाटे यायची, रिकामी टोपली मांडीवर घेऊन लांब बसायची आणि मुक्कामाच्या गाड्यांचे बैल तिची फुलं खाताना बघायची. ती भांडली नाही, रडली नाही. मुक्काम हलला तेव्हा बहर सरला होता. तरी तिनं येऊन ती जागा पुन्हा झाडली. त्या झाडण्याची लाज लटारूच्या अंगातून अजून गेली नव्हती.

“बरं तर!” साहेब ओरडला. “तुझ्या मनाला येईल तिथं लाव. पण तंबू पडला, तर गाठ माझ्याशी आहे.”

लटारूनं दोनशे पावलांवरचं मुरमाड टेकाड धरलं. सावली नावापुरती, आणि जमीन अशी की मेख चार बोटं जाऊन थांबायची. ठोक्याच्या आवाजावरून खाली खडक किती आहे हे त्याला कळायचं. त्यानं मेखा बाजूला टाकल्या, ऐनाचे जाड ओंडके आणवले, त्यांना दोर बांधले आणि पहारीनं चर खोदून ओंडके आडवे पुरून टाकले. वर दगड रचले. तंबूभोवती पाण्याला नाली काढली, तीही उताराकडे वळवून. हात सोलले, दुपार गेली. साहेब ट्रंकेवर बसून घाम पुसत होता आणि मांडीवर कागद घेऊन काहीतरी लिहीत होता. तो कागद त्याच संध्याकाळी टपालाच्या माणसाबरोबर चांद्याच्या कचेरीत गेला.

“भाऊ, साहेबानं माह्यं नाव लिवलं म्हनते,” नथ्थू जवळ येऊन हळूच म्हणाला. “मी मांगतलं नाई. तुमच्या गळ्याची आन.”

“तू कायले मांगशीन? दोर धर,” लटारू म्हणाला. गाठ मारली, ती मात्र त्याला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ एकाएकी काळंनिळं झालं. लटारूनं वाऱ्याचा वास घेतला आणि आधी साहेबाच्या मोजणीच्या वह्या जमिनीवरून उचलून खाटेवर ठेवल्या. मग गारांनी झोडपायला सुरुवात केली. ओढ्याकाठी मऊ मातीत ठोकलेला स्वयंपाकाचा तंबू पहिल्याच सपाट्यात उडाला. साहेबाचा तंबू फुगला, करकरला, पण पुरलेले ओंडके काही हलले नाहीत. लटारू आणि साहेब दोघंही मधला खांब कवेत धरून उभे होते.

पडद्यापाशी दोन बायका आल्या. टोपल्या डोक्यावर पालथ्या घातलेल्या. सोमारी आणि तिची सून रंभा. साहेबानं स्वतः पडदा उचलून त्यांना आत घेतलं. सोमारीच्या पदरात पसाभर मोहफुलं होती. तेवढीच काय ती वाचली होती.

“आजचं सगळं गेलं का, बाई?” साहेबानं विचारलं.

“आजचं गेलं. पहिले तीन दिवसाचं घरी वाळून राह्यलं ना, साहेब.”

“किती दिवस पुरतं?”

“आखाडात धान सरते. मंग हेच शिजवाचं. पोळ्यापर्यंत जाते.” तिनं पदरातली चार फुलं काढून साहेबापुढं धरली. “घ्या. गोड हायत.”

साहेबानं फुलं घेतली. खाल्ली नाहीत, नुसती मुठीत धरून उभा राहिला. गारा थांबल्यावर तो बाहेर आला, पुरलेल्या ओंडक्यावर पाय देऊन पाहिला, कोरड्या तंबूभोवती वाहणारी नाली पाहिली. चार महिने मोजलेलं जंगल त्या वह्यांत होतं.

“लटारू, तो कागद मी रागानं पाठवला. दुसरा लिहितो.”

“लिवा, साहेब,” लटारू म्हणाला. खोटा संकोच त्यानं केला नाही. नोकरी त्याला हवीच होती.

मुक्काम हलायच्या दिवशी टपाल आलं. एकच जागा होती, ती पहिल्या कागदावरूनच भरली गेली होती. बरोबर खाकी कपड्यांचं पुडकं होतं, नथ्थूच्या नावाचं. लटारूला फार वाईट वाटलं. गोकुळेला काय सांगायचं, हेच त्याला सुचेना. पण बैल खोळंबले होते. त्यानं ओंडके उकरून काढले, चर बुजवले, नाली सपाट केली आणि मोगरी खांद्यावर टाकून गाडीमागं निघाला. वाटेत सोमारीच्या मोहाखाली सकाळची फुलं वेचून झाली होती आणि जमिनीवर तिच्या खराट्याच्या रेघा दिसत होत्या.

दुपारी नव्या जागी गाड्या थांबल्या. साहेब उतरला, ट्रंकेवर बसला आणि नेहमीसारखं बोट काही त्यानं कुठं दाखवलं नाही.

“लटारूभाऊ,” तो म्हणाला, “तंबू कुठं लावायचा?”

साहेबाच्या तोंडून ‘भाऊ’ ऐकून गाडीवानानं मान वर केली.  वहाणा काढून लटारू अनवाणी फिरला, वरच्या फांद्या पाहिल्या, मूठभर माती चोळली, पाचोळा पायानं सारून खाली कुणाचा खराटा फिरलाय का ते पाहिलं. सगळे उन्हात थांबून होते. नव्या कोऱ्या खाकीतला नथ्थूही मेखांचा भारा घेऊन थांबला होता.

“इथी,” लटारू म्हणाला आणि पहिल्या मेखेसाठी त्यानं नथ्थूपुढं हात केला.