रुखमाबाईच्या वावरातली माती

"अगं बाई! आत्याबाई, काय घासून राहिल्या तुमी?"

सासूबाईनं काळं बोट तोंडातून काढलं. "राखुंडी हाय. माठाखालच्या रेतीत सापडली. चव नाही मेलीले."

ते माह्यं जिवाणूचं पुडकं होतं, बियाण्याले चोळायच्या काळ्या भुकटीचं! नागपुरातून काटोलच्या बसमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं, गारव्याले माठाखाली ठेवलेलं. आठवडाभर यायनं दात घासून संपवलं.

मी पेटलीच. "आता सोयाबीन काय तुमच्या दातावर पेरू?"

त्र्याऐंशीच्या साली आमच्या गावात सोयाबीन नवंच होतं. नवरा गेल्यावर वावर मीच वाहत होती. रुपरावभाऊजी, माहे दीर, बजावून गेले होते, "यंदा पीक फसलं तर वावर मी घेतो, संत्रा लावतो. तू घरी बस." अन् पुडकं देणाऱ्या साहेबानं सांगितलं होतं, हवेत नत्र ढीगभर असतो, पण झाडाले तो तसा खाता येत नाही. मुळावर गाठी करून जिवाणूच तो भरवतात. आमच्या मातीत ते नव्हतेच.

पावसानंतर जमिनीले पेरण्याजोगा वापसा आला होता, पेरणी आजच करणं होतं. मी रागारागात म्हटलं, "गेल्या साली सोयाबीन झालं तिथली माती आणून टाकली तरी चालते. म्हणजे रुखमाबाईची! जाता मागाले?"

रुखमाबाई सासूबाईची जाऊ. वावराले वावर लागून, घरंही वावरातच. नांगर घालून तिनं मधल्या बांधाचा आपला वीतभर धुरा चोरला, म्हणून सासूबाई कित्येक वर्षं तिचं तोंड पाहत नव्हत्या.

त्यायनं चूळ भरली. रिकामं टोपलं डोक्यावर घेतलं अन् निघाल्या. दुपारपर्यंत रुखमाबाईच्या वावरातून मातीच्या खेपा सुरू होत्या.

ती माती टाकून पेरलं खरं, पण मग माह्या जीवाले थारा नाही. रोज जाऊन पानं उलटून पाहा. भाऊजी धुऱ्यावरून विचारत, "काहून वैनी, पिवळं पडून राहिलं ना?" पडलंच होतं. 

शेवटी राहवलं नाही. एक झाड मातीसकट खणून काढलं. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी! नखानं एक फोडली. आत गुलाबी. साहेब म्हणाले होते, गुलाबी निघाली की समजा काम सुरू झालं. मी तिथंच रडली.

घरी येऊन झाड सासूबाईच्या हातात दिलं. त्यायनं गाठी चाचपून पाहिल्या. मग तसंच झाड धरून धुरा ओलांडत ओरडल्या, "रुखमे, अवं रुखमे! बाहेर ये. तुही माती लागू पडली वं माह्या वावराले!"