नवऱ्या मुलाचा कागद

१९८८ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. नाशिकजवळच्या मखमलाबादला गोटीराम माळ्याच्या वावरात सकाळपासून शेवंती खुडणे चालले होते. गोटीराम, त्याची बायको गोजराबाई आणि एकोणीस वर्षांची लेक नवसा असे तिघेही दहिवरात पाय भिजवत सरीसरीने पुढे सरकत होते. तुळशीच्या लग्नानंतर फुलांना भाव चढतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लेकीच्या बापाच्या तोंडचे पाणी पळते. नवसाला तीन वर्षांत सहा स्थळे येऊन गेली होती. सहाही जणांनी पोहे खाल्ले, मुलगी चांगली आहे म्हणाले आणि हुंड्यावर अडून बसले. हुंडा घेणे हा गुन्हा आहे हे त्यातल्या दोघांना पाठ होते, कारण ते दोघे शाळामास्तर होते.

त्या सकाळी बांधावरून कोंडाजी आला. हा गोजराबाईचा मावसभाऊ. पंधरा वर्षे मुंबईत परदेशी पर्यटकांना शहर दाखवण्याचे काम करत होता. पायात पांढरे बूट होते, ते चिखलाला लागू नयेत म्हणून तो पाटाच्या कडेलाच उभा राहिला. त्याने स्थळ आणले होते. नवरा मुलगा परदेशातला, इंजिनियर, पहिली बायको वारलेली. हुंडा नको, मानपान नको, पत्रिकासुद्धा नको. फक्त एक करायचे, मुलीचे रक्त तपासून घ्यायचे आणि डॉक्टरचा कागद द्यायचा. तिकडे सगळे शिकलेले लोक असेच करतात, असे त्याने सांगितले.

गोजराबाईने वय विचारले. चाळिशीतला असेल, असे कोंडाजी पाटाच्या पाण्याकडे बघत म्हणाला. नवसाने विचारले की पंचमीला माहेरी येता येईल का. विमानाने एका दिवसात येशील, असे ऐकल्यावर ती गालातल्या गालात हसली आणि पुन्हा फुलांत वाकली. गोटीरामाला मात्र आभाळ ठेंगणे झाले. सहा जणांनी नाक मुरडलेली आपली पोर विमानात बसणार, या विचाराने त्याने त्या दिवशी दोन पाट्या फुले कमीच खुडली.

कोंडाजीचा खरा धंदा काय होता, ते वाचकांना सांगितले पाहिजे. शहर दाखवण्याच्या नावाखाली तो विमानाने आलेल्या पुरुषांना मुंबईतल्या ज्या गल्ल्यांत नेत असे, त्या गल्ल्यांची नावे घरात कोणी घेत नाही. मग तो नवा रोग आला. अमेरिकेत माणसे मरत असल्याचे वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, आपल्याकडेही रुग्ण सापडले. कोंडाजीची गिऱ्हाइके दचकली. भल्या माणसांना वाटेल की आता हे लोक यायचे थांबले असतील. छे! विमाने भरूनच येत होती. परदेशातून शिकायला येणाऱ्यांचे रक्त तपासावे, अशी चर्चा इकडे चालली होती. पण महिनाभर मजा करायला येणाऱ्याला कोण अडवणार? या लोकांनी गल्ल्या तेवढ्या सोडल्या. त्यांना आता खेड्यातली, कुणाचा हात न लागलेली, तपासलेली मुलगी हवी होती. आईबाप अशी मुलगी दुसऱ्या कशाला देत नाहीत, लग्नाला देतात. म्हणून कोंडाजीने लग्ने लावायला सुरुवात केली. आपल्याकडे लेकीच्या लग्नाचे ओझे इतके करून ठेवलेले आहे की कोंडाजीसारख्याला दारे ठोठावावी लागत नाहीत. ती आपण आधीच उघडून ठेवतो.

मंगळवारी गोजराबाई नवसाला घेऊन नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका रक्ततपासणीच्या दवाखान्यात गेली. तिथे विमलाबाई नावाची बाई रक्त काढण्याचे काम करी. इंदिरानगरात राहणारी, बौद्ध समाजातली, नवऱ्यामागे दोन मुले एकटीने शिकवणारी. चिठ्ठीवर त्या नव्या रोगाची तपासणी लिहिलेली होती. ती नाशकात होत नसे, बाटली बर्फात ठेवून मुंबईला पाठवावी लागे. शेतातल्या पोरीला ही तपासणी कशाला, असे विमलाबाईने सहज विचारले. गोजराबाईने अभिमानाने सांगितले की लग्न ठरते आहे, परदेशात.

विमलाबाईने सुई लावायच्या आधी नवसाकडे नीट पाहिले. माघात अशीच एक मुलगी आली होती, त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या वाडीतली. तिच्याबरोबर पांढऱ्या बुटांचा एक मामा होता. तिचा कागद अगदी चांगला आला होता. तीच मुलगी भाद्रपदात पुन्हा आली, तापाने खंगलेली, मानेला गाठी आलेली. नवरा तीन आठवड्यांनी जो गेला तो गेलाच, पत्र नाही की पत्ता नाही. मोठ्या दवाखान्याने तिची हीच तपासणी सांगितली आणि मुंबईहून उत्तर आले तेव्हा विमलाबाई ते पाकीट हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिली होती.

नवसा गेल्यावर तिने दवाखान्याच्या डॉक्टरांना हे सांगितले. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त सावध होता. तो म्हणाला, “बाई, आपण रक्त तपासतो, लग्नं नाही.”

आठ दिवसांनी नवसाचा कागद चांगला आला. गोटीराम तो घेऊन गेला आणि घरी गेल्यावर त्याला हळदकुंकू वाहून देवापुढे ठेवला. आळीतल्या बायका बघायला आल्या. आपल्या पोरीचाही असा काढून ठेवावा, पुढेमागे उपयोगी पडेल, असे दोघीतिघींनी बोलून दाखवले. ज्या कागदावर मुलीला बाजाराच्या मालासारखे तपासून शिक्का मारलेला, तो या भोळ्या माणसांना मानाचा वाटला. पत्रिका जुळली की जसे तोंड गोड करतात तसे गोटीरामाने पेढे वाटले.

रविवारी विमलाबाई बस धरून मखमलाबादला आली. गोटीराम बाजारात गेला होता, नवसा विहिरीवर होती. गोजराबाईने तिला ओट्यावर बसवले आणि चहा दिला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात. विमलाबाईने ते पाहिले आणि चहा घेतला. भांडायचे तिच्याजवळही पुष्कळ होते, पण ती त्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी आली होती. माघातल्या मुलीचे नाव-गाव न सांगता तिने सगळी हकीकत सांगितली.

गोजराबाई आधी चिडली. आमचं बरं झालेलं लोकांना बघवत नाही, असे पुटपुटली. मग म्हणाली, “पण तिचा कागद चांगला व्हता ना? आमच्या नवसाचाबी चांगला हाय.”

“मुलीचा कागद लग्नाआधी चांगला होता, मावशी. सात महिन्यांनी आला तो वाईट. मधे फक्त लग्न झालं,” विमलाबाई म्हणाली. “त्या नवऱ्याचं रक्त कुणी तपासलं होतं?”

गोजराबाई उठली. तिने रिकामा कप उचलला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली. इतक्या दिवसांत, इतक्या तोंडांतून, हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. तिलाही सुचला नव्हता. जाताना विमलाबाईला तिने गुरुवारी सुपारी फोडायच्या वेळी ये म्हणून सांगितले. बायकांत बस, पण ये.

चार दिवस तिने नवऱ्याला समजावून पाहिले. गोटीराम ऐकेना. आलेली लक्ष्मी लाथाडतेस, एका परक्या बाईच्या नादी लागून पोरीचं वाटोळं करतेस, असे म्हणून त्याने ताटावरून उठून जायला सुरुवात केली. नवसा भिंतीआड बसून सगळे ऐकत होती. विमानाबद्दल तिने पुन्हा काही विचारले नाही.

गुरुवारी दारात जीप उभी राहिली. भावकी जमली होती. पाहुणा कोंडाजीने सांगितल्यापेक्षा चांगला पंधरा वर्षांनी मोठा होता. त्याने घरचे पाणी घेतले नाही, स्वतःची बाटली आणली होती. चहाला हात लावला नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने पहिल्यांदा कागद मागितला. तो उजेडात धरून शिक्का पाहिला, तारीख पाहिली, मग कुठे नवसाकडे पाहिले. कोंडाजी हसत हसत म्हणाला की साहेबांची आणखी एक छोटी तपासणी करून घ्यायची इच्छा आहे, लग्नाच्या दिवशी सकाळी. जमलेल्या पुरुषांनी माना डोलावल्या. ती तपासणी रक्ताची नव्हती, हे मागे बायकांत बसलेल्या विमलाबाईला तेवढे कळले.

भटजींनी सुपारी ताटात ठेवली. तेवढ्यात गोजराबाई डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली.

“कोंडाजीभाऊ, आमचा कागद दिला. पाव्हण्यांचा कुठं हाय?”

कोंडाजीला आधी कळलेच नाही. मग तो हसला. पुरुषाचा कागद कोण मागतं, आक्का, असे म्हणून त्याने भावकीकडे पाहिले. भावकीही हसली. गोटीरामाचे तोंड लाल झाले आणि त्याने बायकोला आत जायला सांगितले.

“जाते,” गोजराबाई म्हणाली. “पर गाय फळवायला न्यायची तर आपुन आधी वळू बघतो. ही तर माझी लेक हाय.”

कोणी हसले नाही. कोंडाजीने पाहुण्याच्या कानात काहीतरी सांगितले. पाहुणा रागावला नाही, त्याने घड्याळ पाहिले. हा आपला अपमान आहे, साहेब असले काही करणार नाहीत, असे कोंडाजीने जाहीर केले आणि भटजींना पुढे चला म्हटले. भावकीतल्या एका बाईने कुंकवाची कोयरी उचलून नवसापुढे धरली. नवसाने तिचा हात अलगद बाजूला केला. ती बोलली ते सगळ्यांना ऐकू गेले.

“आईनं इचारलंय त्याचं उत्तर येऊ द्या. तवर मी कुंकू लावून घ्यायची नाय.”

तेव्हा पाहुण्याने कोंडाजीला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला आणि कोंडाजीने मान डोलावली. त्या दोघांखेरीज घरात इंग्रजी समजणारे फक्त एक माणूस होते. विमलाबाई उठून उभी राहिली.

“गोटीरामभाऊ, त्यांनी काय विचारलं ते सांगते,” ती म्हणाली. “त्यांनी विचारलं, दुसरी तयार आहे का?”

गोटीरामाने कोंडाजीकडे पाहिले. खोटे आहे म्हणून कोंडाजी सांगू लागला, पण त्याची नजर जीपकडे वळली होती. गोटीराम अडाणी होता, हट्टी होता, हुंड्याच्या धाकाने आंधळा झाला होता. पण तो रोज बाजारात बसणारा माणूस होता. एक पाटी पटली नाही की गिऱ्हाईक दुसऱ्या पाटीकडे कसे वळते ते त्याने जन्मभर पाहिले होते. त्याने सुपारीचे ताट उचलून आत नेऊन ठेवले आणि बाहेर येऊन पाहुण्यांना हात जोडले.

जीप गेली. नवसा वाचली. गोष्ट इथे संपवली असती तर वाचकाला बरे वाटले असते.

पोरीचे नाव खराब होऊ नये म्हणून गोजराबाईच्या सांगण्यावरून घरात ठरले की झाल्या प्रकाराची कुठे वाच्यता करायची नाही. योग जुळला नाही एवढेच सांगायचे. भावकीनेही ओठ शिवले. गोजराबाईचे म्हणणे खोटे नव्हते, आपल्या समाजात अशा वेळी दोष फिरून फिरून मुलीवरच येतो. पण त्यामुळे झाले असे की मखमलाबादच्या वेशीबाहेर कोणाला काही कळले नाही, आणि कोंडाजीचे पांढरे बूट जसे होते तसे स्वच्छ राहिले.

सोमवारी फुलबाजारात सोमा हारवाला गोटीरामाची वाट बघतच बसला होता. त्याला चांगली भरलेली शेवंती हवी होती. गिरणाऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवर उद्या लग्न आहे, घाईचे आहे, दोन मोठे हार सांगितलेत, असे तो म्हणाला. “नशीब बघा गरिबाचं. नवरा परदेशातला हाय म्हणं. विमानानं आलाय.”

गोटीरामाने पाटी खाली ठेवली. मुलीच्या बापाचे नाव विचारले. मंगळू, असे सोमाने सांगितले. मंगळूला गोटीराम ओळखत नव्हता. गप्प बसणे सोपे होते, आणि त्याच्या घरात तसेच ठरलेही होते. त्याने दोन पावले घराच्या दिशेने टाकली, मग वळून तो द्वारकेकडे चालू लागला.

त्याला दवाखान्याच्या दारात पाहून विमलाबाईला काही विचारावे लागले नाही. तिने हातातली सुई ठेवली आणि पिशवी उचलली. आता जाणार असाल तर उद्या येऊ नका, असे डॉक्टर म्हणाला. विमलाबाईने दोन मुलांचा विचार केला असणारच. जिना उतरताना ती एकदा थांबली होती. पण ती उतरली.

दुपार कलताना दोघे वस्तीवर पोहोचले. अंगणात चार बांबू उभे केले होते, आत जात्यावर हळद दळणे चालले होते. मंगळू दारात आला. तालुक्याच्या गावाहून कोणी पाहुण्यांकडची माणसे आली असे समजून त्याने घोंगडी अंथरली. विमलाबाई बोलायला लागली तसा त्याचा चेहरा आवळला. तो म्हणाला, बाई, तुम्ही कोण, आमच्या लग्नात तुमचे काय? शहरातल्या लोकांना गरिबाचे सुख बघवत नाही. आतले जाते थांबले नाही.

मग गोटीराम पुढे झाला.

“मी मखमलाबादचा गोटीराम माळी,” तो म्हणाला. “गुरुवारी ह्योच पाव्हणा माझ्या दारी बसला व्हता. माझ्या पोरीचं नाव नवसा. मी सुपारी फोडणार व्हतो. बायकोनं आडवलं, पोरीनं आडवलं. मी नाय आडवलं, दादा. मी बाप असून देत व्हतो.”

आतले जाते थांबले. कोणीतरी पोरसवदा मुलगी दाराच्या फटीतून बाहेर बघत होती, हाताला हळद लागलेली. मंगळू आत या म्हणाला नाही आणि जा असेही म्हणाला नाही. उद्याच्या जीपला अजून एक रात्र अवकाश होता. गोटीरामाने डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो त्या परक्या अंगणात, मंगळूच्या उंबऱ्यासमोर, जमिनीवर बसला.