सुट्टीत बंद होणारं हॉस्टेल

कॉलेजचं हॉस्टेल निवडायचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. बाकीच्या मुली खोलीत कपाट केवढं आहे, बाथरूम कितीजणींत मिळून आहे, मेस किती लांब पडते, हे बघत बसल्या. शेल्बीने थेट शेवटचं पान उघडलं. नाताळच्या सुट्टीत कुठलं हॉस्टेल उघडं राहतं, एवढंच तिला बघायचं होतं.

एकच राहत होतं. हॅरो हॉल. रेल्वेच्या रुळांपलीकडे, छोट्या खिडक्यांचं, बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांनी भरलेलं.

शेल्बी सहा वर्षांची असताना सरकारने तिला आईच्या ताब्यातून काढून घेतलं. तेव्हापासून दुसऱ्यांची मुलं सांभाळायला घेणारी सात घरं तिने पाहिली. सातवं लॉर्ना पिकेटचं. तिथे मात्र ती तीन वर्षं टिकली. लॉर्ना शाळेची बस चालवायची. साठीला आलेली, एकटी, तोंडाने फटकळ. जूनमध्ये शेल्बीला अठरा पूर्ण होणार होती आणि सरकारी दफ्तरातली तिची फाइल बंद होणार होती.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेला अर्ज लॉर्नाने उचलून वाचला.

"हॅरो? तो तुरुंगासारखा दिसतो तो? तिथे कशाला मरायला जातेस?"

"तो सुट्टीत बंद होत नाही."

लॉर्नाने कांदा चिरता चिरता सुरी खाली ठेवली. "आणि सुट्टीत तिथे बसून करणार काय? भिंतींशी गप्पा? सुट्टी लागली की पोरं घरी येतात, बाई."

"घरी म्हणजे इथे?"

"नाही, व्हाइट हाउसमध्ये! इथेच, नाहीतर कुठे? तुझी खोली काय पळून चाललीय?"

असली वाक्यं शेल्बीने याआधीही ऐकली होती. चौथ्या घरातल्या बाईने तर तिला मिठीत घेऊन "आता कायमची" असं सांगितलं होतं आणि पाच महिन्यांत सामान बांधायला लावलं होतं. पण लॉर्ना गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. ती आज भांडी घासायची पाळी कुणाची हे ज्या आवाजात सांगायची, त्याच आवाजात हे बोलली. म्हणून शेल्बीने विश्वास ठेवला.

शिवाय कॅसिडी होती. मार्चमध्ये कॉलेज बघायला गेल्यावर ओळख झालेली, खळखळून हसणारी, विचिटा शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरची मुलगी. तिचे रोज मेसेज यायचे. "सीडर हॉलच हं! आपण दोघी एका खोलीत. नाही म्हणालीस तर बोलणार नाही." सीडर नवं होतं, समोर हिरवळ होती, मोठं स्वयंपाकघर होतं. शेल्बीने पहिल्या पसंतीत सीडर लिहिलं. हॅरो कुठेच लिहिलं नाही.

पहिले तीन महिने बरे गेले. आयुष्यात पहिल्यांदा तिने भिंतीला खिळे ठोकून चित्रं लावली. लॉर्नाबद्दल बोलताना कॅसिडीसमोर तिच्या तोंडून "आई" निघून गेलं आणि मग तिने ते दुरुस्त केलंच नाही. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती लॉर्नाकडे गेली, आपल्या पलंगावर झोपली, उरलेली टर्की डब्यात भरून परत आली.

त्यानंतर आठवड्याभरात लॉर्नाचा फोन आला.

"बसलीयस का कुठे?"

"काय झालं?"

"दोन बहिणी आल्यात गं माझ्याकडे. चार आणि सात वर्षांच्या. परवा सरकारी बाईने आणून सोडल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी. नाही कसं म्हणणार?"

"मग त्यांना माझी खोली दे. मी सोफ्यावर झोपेन."

"सोफ्याचा प्रश्न नाही, शेल्बी. घरात सरकारची मुलं असली की अठराच्या वरच्या माणसाला मुक्काम करता येत नाही. आधी बोटांचे ठसे, पोलिसांची चौकशी. दीड महिना लागतो म्हणे. मी त्या बाईला म्हटलं, अहो, ती माझीच पोर आहे. ती म्हणाली, होती."

शेल्बीने कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं.

"जेवायला तरी ये ना. दिवसा चालतं," लॉर्ना म्हणाली. पण बसने चार तास लागायचे आणि नाताळच्या दिवशी बसच नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

"अगं, तू कशाला जीव जाळतेस?" शेल्बी म्हणाली. "कॅसिडीकडचे कधीपासून बोलावतायत मला. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."

"खरंच?"

"खरंच."

लॉर्नाने सुटकेचा श्वास सोडला. तो शेल्बीला फोनमध्ये स्वच्छ ऐकू आला.

कॅसिडीने काही बोलावलं नव्हतं. बोलावणार तरी का? तिच्या लेखी शेल्बीला आई होती, घर होतं. आता कुठल्या तोंडाने सांगायचं? शेल्बी हॉस्टेलच्या ऑफिसात गेली. तिथल्या मिसेस डॉब्सननी कॉम्प्युटरवर बघून मान हलवली.

"हॅरो भरलंय. यादीत नाव लिहिते, पण तेरा जण आधी आहेत. नातेवाईक नाहीत का कोणी?"

"नाहीत."

"मग वर्षाच्या सुरुवातीलाच हॅरो का नाही मागितलंस? अर्जात पर्याय होता की."

बाईंनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरोखर कळत नव्हतं. शेल्बीने "चुकलं माझं" म्हटलं आणि बाहेर आली.

एकोणीस डिसेंबरला दुपारी बाराला सीडर बंद झालं. कॅसिडीने गाडीतून हात केला. "आईला माझ्याकडून मिठी दे!" शेल्बी बॅग घेऊन फाटकापर्यंत गेली, मागच्या दाराने परत आत शिरली आणि खोल्यांची तपासणी संपेपर्यंत तळघरात कपडे धुवायच्या मशीनमागे बसून राहिली.

दोन दिवस तिने बिस्किटं आणि पीनट बटरवर काढले. हीटर कमी केलेला होता. दोन कोट घालून ती पलंगावर बसून पुढच्या सत्राचं पुस्तक वाचत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला किल्लीचा आवाज झाला आणि दारात नळ दुरुस्त करणारा म्हातारा व्हर्जिल उभा राहिला.

"अरे देवा! पोरी, तू इथे काय करतेस?"

तिने खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण ऐनवेळी सुचेना. सगळं सांगून टाकलं. व्हर्जिल टोपी हातात घेऊन कॅसिडीच्या खुर्चीवर बसला.

"मी कोणाला पाहिलंच नाही, असं म्हणालो असतो," तो म्हणाला. "पण मी पाणी तोडायला आलोय. थंडीत नळ फुटतात. तीन आठवडे पाण्यावाचून कशी राहशील? आणि काही झालं तर तू आत आहेस हे कोणाला कळणारही नाही."

"कृपा करून नका सांगू."

"सांगावंच लागेल गं." त्याने कॉलेजच्या सुरक्षा ऑफिसला फोन लावला. नंतर तिची बॅग जिन्यावरून तोच खाली घेऊन आला.

सुरक्षारक्षकाने नियम मोडल्याबद्दल जानेवारीत होणाऱ्या चौकशीचा कागद तिच्या हातात दिला आणि तिला गावातल्या चर्चच्या तळघरात आणून सोडलं. तिथे बेघरांसाठी चाळीस खाटा होत्या. सगळ्यांत लहान तीच. खाटेला नंबर होता. सकाळी सगळ्यांना बाहेर काढायचे; संध्याकाळी पाचच्या आत परत हजर नसलं तर खाट दुसऱ्याला.

नाताळच्या दिवशी साडेचारच्या सुमारास लॉर्नाचा फोन आला. शेल्बी बोलायला चर्चच्या मागच्या पायरीवर गेली. वारा कापत होता.

"मजा चाललीय ना तिकडे?"

"हो. खूप माणसं आहेत. तू कशी आहेस?"

"मी थकलेय, बाई. मोठी ठीक आहे. धाकटी मात्र पलंगावर झोपतच नाही. रोज पलंगाखाली शिरते, तीही बूट घालून. ओढून काढायला गेलं की किंचाळते."

"ओढू नकोस तिला," शेल्बी म्हणाली. "बूटही काढायला लावू नकोस. पांघरूण खालीच सरकवून दे. दार थोडं उघडं ठेव, आणि सकाळी तू घरात असशील, हे झोपताना तिला सांग. रोज सांग."

"रोज?"

"विश्वास बसायचा नाही तिचा. तरी सांग."

"बरं झालं बोललीस," लॉर्ना म्हणाली. मागून कुणीतरी रडायला लागलं होतं. "चल, ठेवते. कॅसिडीच्या आईला नमस्कार सांग."

फोन बंद झाला. पाचला दहा मिनिटं कमी होती. दारापाशी रांग लागली होती. शेल्बी जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.