'मासे' नावाचा फोल्डर

लहू आणि गुणवंतीच्या लग्नाला रविवारी पंचवीस वर्षं होणार होती. माहीमच्या कोळीवाड्यात त्या दिवशी टीव्हीवर त्यांचे फोटो दाखवायचे, म्हणून लेक दिशाने फोटोंचं सॉफ्टवेअर उघडलं. ज्या फोल्डरपुढे खूण, तेवढेच फोटो आत येणार. 'मासे' या फोल्डरची खूण तिने आधीच काढली. लहू चांगला मासा दिसला की फोटो काढायचा. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना ते कशाला दाखवायचं?

बारसं, गणपती, सहली आत आल्या. जिथेतिथे लहू पुढे, पोट आत ओढून.

"आणि मी गो? लोक म्हणतील, याने लग्न एकट्यानेच केलं!" गुणवंतीचा चेहरा उतरला. सणाला ती चुलीपाशी, एरवी बाजारात. फोटोत येणार कधी?

लहू खाकरला. "बाय, मासे टाक."

"बाबा, मासे नको!"

"टाक तर."

दिशाने खूण केली. सुरमई आली, घोळ आली, रावस आला आणि प्रत्येक मासा हातात धरून हसणारी गुणवंती आली. केसांत अबोली, दरवर्षी थोडी अधिक गोल.

"शेजारी माणूस नसला तर माशाचा आकार कळत नाही," लहू सारवासारव करत म्हणाला.

"म्हणजे मी मोजपट्टी?" असं म्हणाली खरी, पण गुणवंती स्क्रीनपुढून हलेना. "दिशा, मासे तेवढे ठेव. बाकी सगळ्या खुणा काढ."

"अगो, मग मी?" लहू ओरडला.

"तुमचं पोट पाहुणे समोरासमोर बघतीलच की!"